सांगणाऱ्याचं काय

लक्ष्मणरावांनी पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि मांडीवर ठेवत म्हणाले,

“नाई झालं गुरुजी. अजून बोलीत नाई झालं.”

रत्नदीपने हातातलं पत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. त्यात नवीन काही सापडणार नव्हतं, आठ दिवसांत त्याने ते इतक्यांदा वाचलं होतं की कुठल्या ओळीवर शिक्का उमटलाय तेही त्याला पाठ झालं होतं. विषय : कमी पटाच्या शाळांचे रिस्ट्रक्चरिंग करणेबाबत. खाली आठ मुद्दे, आणि शेवटी एक साधं वाक्य. शाळा व्यवस्थापन समितीचा संमतीचा ठराव सोबत जोडावा.

जांभुळदऱ्याच्या शाळेत दोन खोल्या, अकरा मुलं आणि रत्नदीप हा एकटा शिक्षक. नोव्हेंबरातला दिवस कलायला लागला होता. समितीची माणसं कापूस वेचून, हातपाय धुऊन आली होती आणि दुसरीच्या मुलांच्या सतरंजीवर बसली होती. समितीची अध्यक्ष काजल, तिची समीक्षा तिसरीत. भैयाजी, त्याचे दोन पोरगे. वेचणीवरून आलेल्या दोघी आया, केसांत अजून कापसाचे तंतू. आणि लक्ष्मणराव. त्यांचं कोणी शाळेत नव्हतं, पण सबंध जन्म पोस्टमन म्हणून लोकांची पत्रं वाचून दाखवण्यात गेलेला, म्हणून समितीत त्यांना सन्मानाने घेतलेलं आणि ठरावाची वहीही त्यांच्याकडेच दिलेली.

या गावची एक रीत होती. पंधराएक वर्षांपूर्वी कोणी एक भला माणूस कागद घेऊन आला. तळ्यातला गाळ काढायचा आहे, असं गावातल्याच एका शिकलेल्याने समजावून सांगितलं आणि लोकांनी धडाधड सह्या-अंगठे दिले. गाळ तसाच राहिला. तळ्यातल्या मासोळीचा ठेका मात्र दहा वर्षांसाठी बाहेरच्याला गेला, आणि समजावून सांगणाऱ्याची त्यात भागीदारी निघाली. तेव्हापासून गावाने दोन गोष्टी धरल्या. कागद कोणीही वाचो, वाचून झाला की तोच मजकूर त्याने आपल्या बोलीत सांगायचा आणि वहीत बोलीतलाच लिहायचा. आणि लिहून झालं की विचारायचं, सांगणाऱ्याचं काय? म्हणजे या कागदात सांगणाऱ्याचा फायदा किती, तोटा किती. तेही वहीत जायचं. अकरा वर्षांत रत्नदीपच्या नावापुढे दरवेळी ‘काही नाही’ असंच लिहिलं गेलं होतं. पोषण आहाराच्या ठरावात काय, कुंपणाच्या ठरावात काय, मास्तरला काय मिळणार होतं, डोंबल!

आज ती रीत त्याच्या नरड्याशी आली होती.

“मी सांगितलं ना काकाजी,” तो म्हणाला. “रिस्ट्रक्चरिंग म्हणजे पुनर्रचना. शाळांची नव्यानं मांडणी करायची. फाट्यावरची शाळा मोठी आहे, तिथं कॉम्प्युटर आहेत, मैदान आहे, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक आहे. आपल्या मुलांना त्याचा लाभ मिळावा, असा हेतू आहे.”

“हेतू चांगलाच असन,” लक्ष्मणराव म्हणाले. “पण हे तुमी पुस्तकातलं सांगून राह्यले.”

खरंच, पुस्तकातलंच होतं. त्याने मोबाइलवरच्या शब्दकोशातसुद्धा पाहिलं होतं. एखादी गोष्ट अधिक चांगली चालावी म्हणून ती नव्या तऱ्हेने रचणे. वाचून त्याला हसू आलं होतं. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात एका साहेबांनी तासाभरात तो शब्द सात-आठ वेळा वापरला होता. बेंचचं रिस्ट्रक्चरिंग, वेळापत्रकाचं रिस्ट्रक्चरिंग, जेवणाच्या रांगेचं सुद्धा. कुठंही लावा, बसतोच असा शब्द. त्यात कोणी कोणाचं काही काढून घेतंय असा वासही येत नाही, आणि म्हणूनच गेल्या आठ दिवसांत तो रत्नदीपला आवडायला लागला होता.

“वेगळं सांगतो,” तो म्हणाला. “शाळेचं समायोजन होणार. म्हणजे आपली शाळा त्या शाळेत सामावून घेणार.”

केसांतला कापूस काढत एक आई दुसरीकडे बघून हसली. भैयाजीने तंबाखूची डबी काढली, शाळा आहे हे आठवून परत खिशात घातली.

“हा शब्द आपल्या चंदनच्या कंपनीत आलता,” तो म्हणाला. “माहा साडभाऊ जी. नागपूरकडं कामाले होता. सायबानं सगळ्याईले चहा पाजला, बिस्कुटं देल्ली, अन् सांगतलं का रिस्ट्रक्चरिंग होऊन राह्यलं म्हणून. हे पोट्टं खुशीत घरी आलं. म्हणे, काहीतरी मोठं होऊन राह्यलं. पंधरा दिवसांनी गेटवरच अडवलं त्याले.”

“तसं नाही हे, भैयाजी.”

“नसन. मी आपलं सांगतलं.”

रत्नदीपला उभं राहवेना. सकाळपासून चार वर्गांना एकट्याने हाकलेलं, दुपारी आहाराच्या नोंदी ऑनलाइन भरता भरता रेंज गेली म्हणून मोबाइल घेऊन गच्चीवर चढलेला. अकरा वर्षं हेच. आर्वीत भाड्याची एक खोली, सोमवार ते शनिवार गाडीवरून जाणं-येणं, शनिवारी दुपारी वर्धेजवळ सिंदी मेघेला घरी आणि सोमवारी पहाटे परत. बदलीचे अर्ज किती केले, त्याची मोजदाद त्यानेच सोडून दिली होती. आता आयता रस्ता चालून आला होता. शाळा मिटली की तो अतिरिक्त ठरणार, आणि अतिरिक्त ठरला की वर्धेजवळची शाळा मिळणार. वरच्या कार्यालयातल्या एका ओळखीच्याने पैजेवर सांगितलं होतं, तुमचा ठराव येऊ द्या फक्त. बायकोला, मेघाला त्याने हे सांगितलं तेव्हा ती नुसती स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिली होती. त्याला कळलं होतं, ती सुटकेचं रडून घेतेय.

तो खाली सतरंजीवर, लक्ष्मणरावांसमोर बसला.

“विचारा काकाजी. तुम्हीच विचारा, मी उत्तर देतो.”

लक्ष्मणरावांनी चष्मा वर सरकवला.

“जून महिन्यात शाळा उघडन तवा इथं कोन येईन?”

रत्नदीपने दाराबाहेर पाहिलं. बाहेर समीक्षा आणि तिच्या मैत्रिणी हातपंपावर पाणी उडवत होत्या, त्यांचा गलका आत येत होता.

“कोणी नाही,” तो म्हणाला.

“मंग असं सांगा ना.”

आणि मग त्याने सांगितलं. शाळेच्या भाषेत नाही, घरच्या. वर्गात उभं राहून राहून त्याची जीभ पुस्तकी झाली होती, पण बोली त्याचीही हीच होती, बापाकडून आलेली.

“शाळा बंद होईन, काकाजी. जूनपासून इथं कुलूप राहीन. पोट्ट्याईले फाट्यावर जा लागन, सहा किलोमीटर. जायचे-यायचे पैसे देऊ म्हणते सरकार, पण गाडी आपल्यालेच पाहा लागन. अन् एकदा बंद झाली का ते पुन्हा उघडत नसते. मी तरी उघडलेली पाह्यली नाई.”

लक्ष्मणरावांनी वही उघडली. पेनाचं टोपण काढून मागे खोचलं आणि सावकाश, एकेक अक्षर डाकेच्या पाकिटावर पत्ता लिहावा तसं लिहिलं. लिहून झाल्यावर वाचून दाखवलं. शब्दाला शब्द तोच होता.

काजल आतापर्यंत भिंतीला टेकून ऐकत होती. ती अठ्ठावीस-एकोणतीसची, बोटांची पेरं वेचणीने फाटलेली.

“मी गेलती तिथं,” ती म्हणाली. “चौथी झाल्यावर. बाबानं नवी पायातली चप्पल घेऊन देल्ली होती. आठ दिवस गेली. मंग नाल्याले पाणी आलं, मंग निंदण आलं, मंग माय म्हणे राहू दे आता. झालं माहं शिक्षण.” तिने दाराकडे पाहिलं. “आमी सकारी सातले वावरात राह्यतो, सर. हिले फाट्यावर कोन नेऊन देईन? आता निदान शाळा डोळ्यापुढं हाय. उद्या हे बी वेचाले येईन माह्यासंगं. दुसरं काय होईन?”

रत्नदीपने मान हलवली. मनातून त्याला काजलचा राग आला, आणि राग आला याची लाजही वाटली. ती खरं बोलत होती. तिच्या जागी कोणीही हेच बोललं असतं. पण त्याच्या जागी बसायला कोणी येत नव्हतं, एवढंच.

लक्ष्मणरावांनी पेन वहीवर टेकवलं.

“सांगणाऱ्याचं काय, गुरुजी?”

त्यांनी सवयीने विचारलं होतं, आणि सवयीने ‘काही नाही’मधला ‘का’ लिहायलाही घेतला होता.

“आहे,” रत्नदीप म्हणाला. “फायदा आहे.”

पेन थांबलं.

“शाळा बंद झाली तर मले वर्धेजवळ शाळा भेटन. घरी राहाले भेटन.” एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. “बाबाले लकवा झाला. उजवी बाजू गेली सगळी. मेघा, माही बायको, दवाखान्यात नर्स आहे, तिची ड्युटी झाली का घरी येऊन त्याईचं सगळं तेच करते. उचलनं, धुनं, पुसनं, सगळं एकटीनं. मी रविवारी एक दिवस हात लावतो. मी तिले सांगून बसलो होतो का यंदा मी येतोच.”

“कधी झालं हे?” भैयाजीने विचारलं.

“दीड वर्ष झालं.”

“दीड वर्ष, अन् तुमी बोल्ले नाई?”

काय बोलायचं होतं? रोज शाळेत येऊन आपलं रडगाणं गाणाऱ्या मास्तरांची त्याला लहानपणापासून चीड होती. तो हसल्यासारखं करून म्हणाला, “निघालाच नाई विषय.”

“सरची बी बाजू हाय मंग,” भैयाजी चुळबुळत म्हणाला. “बापाचं करा लागते मानसाले.”

“बाजू हाय,” काजल म्हणाली. “मी कुठी नाई म्हनते? मले आयकूनच कसंतरी होऊन राह्यलं. पण पोट्टी माही हाय, भैयाजी. तिच्या बाजूनं मी नाई तर कोन बोलन?”

मग काजलने अध्यक्ष म्हणून विचारायचं ते विचारलं, आवाज मात्र अध्यक्षासारखा निघाला नाही. शाळा इथंच राहावी असं कोणाकोणाला वाटतं?

तिने आपला हात आधी वर केला. मग दोघी आयांनी. लक्ष्मणरावांनी पेन धरलेलाच हात उचलला. भैयाजीने रत्नदीपकडे पाहिलं, खाली पाहिलं, आणि हात वर केला तो जेमतेम कानापर्यंत.

एकटा शिक्षक हाच मुख्याध्यापक, आणि मुख्याध्यापक हा समितीचा सचिव असतो, त्यालाही मत असतं. एरवी हात वर करताना रत्नदीपने कधी विचार केला नव्हता. आताही केला असं नाही. इतका वेळ जे सगळं तोंडाने सांगितलं होतं, त्यानंतर हात मांडीवर ठेवून बसणं त्याला जमेना. त्याचा हात उठला.

“तुमी नका, सर,” काजल म्हणाली.

त्याला वाटलं तिला राग आलाय.

“तुमी खाली घ्या हात. आमी पाच पुरतो.” ती त्याच्याकडे न पाहता बोलत होती. “घरी ताई विचारतीन, तुमी काय केलं म्हणून. तवा तुमाले सांगता आलं पाह्यजे का गावानं केलं, मी नाई केलं. खोटं बोलाची पाळी नको यायले तुमच्यावर.”

रत्नदीपने हात खाली घेतला. आपला इतका विचार कोणी करावा, याची त्याला सवय राहिली नव्हती, आणि त्या क्षणी ते सोसवेना. तो सतरंजीचा उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत बसला.

लक्ष्मणरावांनी लिहिलं, पाच हात शाळा ठेवा म्हणून. सचिव तटस्थ. सांगणाऱ्याच्या ओळीत मघाशी लिहिलेला ‘का’ त्यांनी खोडला आणि बराच वेळ पेन तसंच धरून बसले. शेवटी लिहिलं, फायदा होता, तो गेला. मग वही रत्नदीपपुढे सरकवली. त्याने सचिव म्हणून सही केली आणि खाली शाळेचा शिक्का मारला.

उठता उठता काजलने पिशवीतून कागदात बांधलेली तुरीच्या ओल्या शेंगांची पुडी काढून टेबलावर ठेवली.

“यंदाच्या पयल्या हायेत,” ती म्हणाली. “उकडून खाजा.”

फाट्यावर आल्याशिवाय धड बोलता येईल इतकी रेंज मिळत नसे. त्याने गाडी झाडाखाली लावली. मेघाचे तीन मिस्ड कॉल होते. आज तिची सकाळपाळी, म्हणजे ती चारपासून घरी होती आणि चारपासून वाट पाहत होती. आर्वीची बस थांबली, दोन माणसं उतरली, बस गेली. मग त्याने फोन लावला.

“झाली सभा?” पहिल्याच रिंगला उचलून ती म्हणाली.

“झाली.”

“मंग?”

इथून पुढचं सोपं होतं. काजलने ते त्याच्या हातात बांधूनच दिलं होतं. गावाने नाही म्हटलं, मी तटस्थ होतो, वहीत तसं लिहिलेलं आहे, पाहिजे तर झेरॉक्स आणून दाखवतो. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मघा सभेत पुनर्रचनेबद्दल जे बोलला होता, त्यातला तरी कुठला खोटा होता?

“नाई झाला ठराव,” तो म्हणाला. “शाळा राहून राह्यली. मी येत नाई, मेघा.”

पलीकडे नळ चालू होता, तो बंद झाला.

“सगळे नाई म्हणाले?”

“हो.”

“तुम्ही?”

“वहीत तटस्थ लिहिलं आहे.” त्याने श्वास घेतला. “पण मी हात वर केलता. त्याईच्या बाजूनं. त्या काजलताईनं मले खाली घ्यायले लावला.”

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

“काऊन केला?” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

“तिची पोरगी आहे तिसरीत,” तो म्हणाला.

“पोरगी आहे,” मेघा म्हणाली. “हो. त्यांचं बरोबरच आहे. सगळ्याईचंच बरोबर आहे.” मग म्हणाली, “बाबाले तुम्हीच सांगा. मी नाई सांगत. मी रोज सांगून राह्यली त्याईले, जूनमध्ये येतात म्हणून.”

चपलांचा आवाज झाला, पलंग कुरकुरला. मग कानाशी बाबांचा, बापूरावांचा श्वास आला, जड, घरघरणारा. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडात एकच शब्द उरला होता. तहान लागली तरी तोच, दुखलं तरी तोच, आणि टीव्हीवर क्रिकेट लागलं तरी तोच.

“जयभीम बाबा,” रत्नदीप म्हणाला.

“हो.”

“बाबा, मी येत नाई जूनमध्ये. ते शाळा बंद होणार होती, नाई होत आता. म्हणून मले तिथंच राहा लागन. मेघा करन तुमचं. मी शनिवारी येतोच.”

पलीकडे नुसता श्वास.

“आयकू आलं ना, बाबा?”

“हो.”

मेघाने फोन घेतला. “कूस बदलायची वेळ झाली त्यांची,” ती म्हणाली. “ठेवते. एकटीनं वेळ लागते.”

“ठेवू नको,” तो म्हणाला. “राहू दे चालू.”

फोन बंद झाला नाही. उशीजवळ कुठेतरी ठेवला असावा. चादर ओढल्याचा, बांगड्या मागे सारल्याचा आवाज आला. रविवारी तो असला की दोघं मिळून तीन म्हणत आणि तीनला उचलत. त्याने फोन कानाशी घट्ट धरला. समोरून कापसाची एक गाडी गेली, तिचा आवाज ओसरेपर्यंत त्याला काही ऐकू आलं नाही.

“एक,” मेघा म्हणत होती. “दोन. धरा बाबा मले. तीन.”

पलंग वाजला.

“हो,” बापूराव म्हणाले.